शिट्टी

माणिकरावांचा माळ, सेनगावच्या पुढं
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय सपनाताईस,

जय भीम. मी इथं बरा आहे. माय बरी असंल, तिच्या गुडघ्याला तेल लावत जा. दाजींचं दुकान बराबर चालत असंल. त्या दिवशी तुझ्याशी बोलताना फोन मधेच ठेवला, मग पुन्हा केला न्हाई. फोनवर तू रडतेस, अन् मी ‘जाऊ दे ताई’ म्हणून मोकळा होतो. कागदावर तुझं रडणं ऐकू येत न्हाई, म्हणून लिहून राहिलो.

हरभऱ्याला घाटे धरलेत. रोही कळपानं पिकात शिरतात, डबा वाजवला की पळतात. पळसाला काळ्या कळ्या आल्यात, फुलला न्हाई अजून. काल एक सरडा माझ्या चहाच्या पातेल्यावरच्या झाकणावर ऊन खात बसला. म्हटलं, बस बाबा, तुझं होऊ दे, मग मी चहा करतो. लई वेळ बसला. तू असतीस तर म्हणाली असतीस, ह्याच्यामुळंच तुझं कुठं जमत न्हाई.

खरंय ते. सुरतेला गेलो, पुण्यात हॉटेलात भांडी घासली, नांदेडला टायरच्या दुकानात राहिलो. कुठंबी असलो की दुसरीकडं जायची घाई. इथं राखणीला आलो, त्याला दुसरा हिवाळा चालू आहे. एक खोप, एक पातेलं, एक घोंगडी. सकाळी डोळा उघडला की कुठं जावंसंच वाटत न्हाई. असं मला जन्मात झालं नव्हतं ताई.

ते तितरांमुळं. तुला म्हाईत आहे, तरी लिहितो. माणिकरावांच्या घरची रीत आहे, खरिपाची ज्वारी काढताना बांधाकडची एक ओळ उभी ठेवायची, पाखरांची म्हणून. त्यातलंच एखादं कणीस चोळून मी दाणे टाकायचो अन् शिट्टी मारायचो. पहिल्या हिवाळ्यात तितरं लांबून बघायची. यंदा पायापाशी आली. रानातलं तितर माणसाच्या पायापाशी येत न्हाई, कुणालाबी विचार. माणिकराव म्हणाले, “आयुष, तुला पोरगी द्यायला कुणी तयार न्हाई, अन् ही पाखरं आपणहून नांदायला आली की रे!”

मागच्या महिन्यात तू आलीस तवा ती शिट्टी तुला शिकवली. आधी एक लांब, मग दोनदा तोडून. बांधावर बसून तू दुपारपर्यंत तेच करत होतीस. पहिलं तितर आलं तवा तू माझा हात गच्च धरलास. “आयुष, लेकरावानी येऊन राहिलेत रे!” मला वाटलं, चला, मी इथं काहून राहतो ते एका माणसाला तरी कळलं.

मग तो हुरड्याचा दिवस. दाजी तुला अन् त्या हिंगोलीच्या साहेबाला घेऊन आले, तो मला गोदामात नोकरीला चिकटवणार होता. मला म्हणाले, “मेव्हणे, सेनगावहून बर्फ आणा. घाई करू नका.” दाजी मला घाई करू नका म्हणाले, तवाच कळायला पाहिजे होतं. मी वाटेत एका लिंबाखाली मोहोळ बघत बसलो, माझं तुला म्हाईतच आहे. येईस्तोवर रस्सा तयार. “गावरान कोंबडी,” दाजी म्हणाले. मी दोनदा घेतलं. तू वाढलंस ताई. माझ्याकडं न बघता वाढलंस.

दुसऱ्या दिवशी शिट्टी मारली, कुणी आलं न्हाई. बांधामागं गेलो तर तुराट्यांखाली पिसं दाबलेली, अन् जाळ्याचा तुटका दोरा.

मी दाजींना शिव्या दिल्या. मोठ्यानं दिल्या, माळावर कोण ऐकतंय. मग एकदा भाकरी थापताना हात थांबला. दाजींना शिट्टी येतच न्हाई. गाडीवरून पडले तवा पुढचे दात गेले, फुंकलं की नुसती हवा निघते, आपण किती हसलो होतो. अन् तितरं जाळ्याकडं उगाच चालत जात न्हाईत. त्यांना कुणीतरी बोलावलं.

तवाच माणिकरावांच्या फोनवरून तुला विचारलं. तू म्हणालीस, “तुझ्यासाठीच केलं रे. साहेब शौकीन माणूस. पाखरं पुन्हा येतील, नोकरी पुन्हा येत न्हाई.”

मला कोंबडी चालते, मटण चालतं, मी काही साधू न्हाई. पण ती पाखरं वळखीनं आली होती, अन् वळख माझी होती.

पुन्हा येतील म्हणालीस ते खरं निघालं. उरलेली परवा आली, जरा दबकत. अन् परवाच दाजींचा माणिकरावांना निरोप आला, साहेब पुढच्या आठवड्यात परत येणार म्हणून.

मग काल सकाळी मी दाणे टाकले, शिट्टी मारली. पायापाशी आली. मी ढेकूळ उचललं अन् मारलं. बाजूला मारलं, पण मारलं. उडून बांधावर बसली, माझ्याकडं बघत राहिली. एक तर चालत परत आलं, त्याला वाटलं असंल चुकून झालं. त्यालाबी मारलं. शिट्टी अन् ढेकूळ, शिट्टी अन् ढेकूळ, ऊन चढेस्तोवर. आज शिट्टी मारली तर लांब तुरीत फडफड झाली, तेवढीच. शिकली.

आता साहेबाला खुशाल आणा. तू कितीबी बराबर शिट्टी मार, एकबी येणार न्हाई. मी मारली तरी न्हाई. नोकरीचं दाजींना न्हाई म्हणून सांग. मी इथंच राहणार. हरभऱ्यावर दव पडतं, ऊन तसंच कोवळं येतं, मी बांधावर बसून बघतो. तोंड मिटून बसतो.

मायला सांग, लेकरू जेवतंय. ‘तुझाच’ लिहायला आज हात वळत न्हाई ताई.

आयुष