वांग्यांवर शेवाळाचं पाणी

पालेगाव, अंबरनाथ (पूर्व)
१९ मार्च २०२४

ती. कौसाताईस,
धाकट्या जनाचा जय भीम.

तुझं पत्र पोचलं. फोनच करणार होते, पण आमचे हे दिवसभर समोर बसलेले असतात. म्हणून लिहितेय.

वांगी बरी आहेत. मागे नवीन टॉवर उठलाय, सकाळचं ऊन उशिरा येतं आणि दुपारी भाजून काढतं.

दिवाळीनंतर कीटकनाशक फवारताना हे बांधावर कोसळले, ते तुला ठाऊकच आहे. विष अंगात भिनलं होतं. दवाखान्यातून घरी आले, पण हात अजून थरथरतात. तेव्हापासून ते कीटकनाशक मी घरात येऊ देत नाही. शेजारची किर्ती खतांच्या दुकानात कामाला आहे, तिने समुद्री शेवाळाचा अर्क आणून दिला. काळपट, मासळीच्या टोपलीसारखा वास. म्हणाली, "काकी, याने कीड मरत नाही हां. झाडाला जोर येतो, ऊन सोसतं."

अळी लागलेले शेंडे मी हाताने खुडते, आणि अर्क पाण्यात मिसळून फवारते. पंप पाठीवर घेतला की रात्री कूस बदलता येत नाही. पण फुलं कमी गळतात, पानं दुपारी माना टाकत नाहीत. किडकी वांगी निघतातच.

हे ओट्यावरून बघत बसायचे. "शेवाळ मारून कुठे शेती होते का?" रोज तेच.

गेल्या मंगळवारी भाजी विकून आले, तर हे वांग्यांत उभे. पाठीवर पंप, तोंडाला फडकंसुद्धा नाही, आणि कीटकनाशकाचा तोच जुना वास. कुणाकडून मागवलं, सांगत नाहीत. मी पंप ओढून उतरवला. शर्ट काढला, बादलीभर पाणी ओतून साबणाने अंग घासलं. हे म्हणाले, "मला मरायचं नाहीये जना. पण मी नुसता बसून राहू?"

मी म्हटलं, "बसू नका. पण तुम्ही गेलात तर ही वांगी मला एकटीला नकोत."

काल संध्याकाळी त्यांनी स्वतः अर्क मापला. थोडा सांडला, मी बघितलं नाही असं केलं. पंप अर्धाच भरून दिला. दोन ओळी फवारल्या त्यांनी. मी ओट्यावर टेकले आणि बसल्या जागी झोपले. जाग आली तेव्हा अंगावर चादर होती.

तू लिहिलंस, दोघं पेणला या, घर रिकामंच आहे. ते वाचून मी रडले. ताई, मी फार दमलेय गं. ही गोष्ट मी अजून कुणापाशी बोलले नव्हते. तरी आत्ता येत नाही. उरलेल्या ओळी ते उद्या फवारणार आहेत, मला जवळ असायला हवं.

पाठ टेकायला जागा मात्र राखून ठेव.

तुझी,
जना