उठा म्हणेपर्यंत

४ जून, सोमवार

पोचले एकदाची! नर्सिंगच्या पदवीला अर्ज केला तेव्हा मावशी म्हणाली होती, आईची तीन वर्षं उठबस केलीस, तुला आणखी काय शिकवणार ते? तरी आईला सांभाळायला तीच आली. पुढच्या वर्षी ती मुलाकडे राहायला जाणार, म्हणजे यंदा प्रवेश मिळाला तर मिळाला. आठवडाभर वसतिगृहात राहून कामं करून दाखवायची, मग निवड. खोलीतली सोबतीण इतकी बडबडी की मी तिला रेडिओ म्हणते. मी सारख्या जांभया देते म्हणून तिनं माझं नाव जांभई ठेवलं. फिट्टंफाट.

५ जून, मंगळवार

सरावाच्या खोलीत ओळीनं खाटा, पलीकडच्या खाटांवर सरावाचे पुतळे. इथली रीत अशी, की नर्स व्हायचं तर आधी रोगी होऊन बघायचं. जोडीतली एक झोपते, दुसरी तिची चादर बदलते, अंग पुसते, नाडी बघते. रोग्यानं आपण होऊन उठायचं नाही. जिनं झोपवलं तिनंच ‘उठा’ म्हणायचं. शिकवणाऱ्या सिस्टरबाईंनी हे पुन्हा पुन्हा बजावलं. आज रेडिओ रोगी झाली. मी चादरीचे कोपरे असे घट्ट खोचले की बाईंनी सगळ्यांना बोलावून दाखवले. आईच्या खाटेची सवय, दुसरं काय! काम संपलं तशी खोलीवर येऊन आडवी पडले ती जेवायलाही उठले नाही.

६ जून, बुधवार

सकाळी रेडिओची खाट रिकामी. मग आठवलं. मी ‘उठा’ म्हटलंच नव्हतं. धावत सरावाच्या खोलीत गेले. ती तिथेच, कोपरे खोचलेले तसेच. उठा, उठा, मी चारचारदा म्हटलं. ती नुसती हसली. पडून किती बरं वाटतंय, म्हणाली.

बाईंनी बाजूला घेऊन सांगितलं, आता उशीर झाला, नुसतं म्हणून भागायचं नाही. एकदा भरलेली खाट इथे रिकामी राहत नाही; एक उठायची तर तिच्या जागी दुसरी झोपायला हवी. आणि तक्रारखोर मुलींना प्रवेश नाही, हेही गोड आवाजात. मी भांडायला हवं होतं. अंगात त्राण नव्हतं. आणि प्रवेश हवा होता.

७ जून, गुरुवार

रेडिओचं अंग पुसलं. हात गार. नाडी लागत नाही — मनगटाला, गळ्याला, कुठेच नाही. तरी बोलते. दमलीस ना गं जांभई, म्हणाली. आजवर कुणी विचारलं नव्हतं. मला रडू कोसळलं.

डोळे पुसून वर पाहिलं. पलीकडच्या पुतळ्यांपैकी एकीनं पापणी मिटली.

८ जून, शुक्रवार

निवड झाली. माझं नाव पहिलं. मावशीला कळवलं; आई हसली म्हणे.

पळून जावं. पण कुठे? पुन्हा आईच्या त्याच खाटेपाशी? लिहायला लाज वाटते, पण पाय निघत नाही.

बाई म्हणाल्या, एकच राहिलंय. तू अजून रोगी झाली नाहीस. तुझ्या मैत्रिणीची खाट आहेच.

९ जून, शनिवार

भर दुपार. खिडकीतून लख्ख ऊन.

मी ‘उठा’ म्हटलं. रेडिओ उठली. खरंच उठली — गालांवर रंग आला. मी तिच्या जागी. तिला तरी सोडवलं.

वही उशाशी. गादी मऊ. ती कोपरे खोचतेय, माझ्यासारखेच घट्ट. पाय हलत नाहीत. भीती वाटते — आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच कुणी माझ्या अंगावर पांघरूण —

लगेच म्हणते हं उठा, असं म्हणाली. बॅग भरून येते आधी, म्हणाली.

नाडी बघितली माझी. पुन्हा बघितली. मग गळ्यालाही बोटं लावून बघितली.

हात चादरीत घे म्हणते. घेते, एवढं —

दारात थांबलीय. जांभई देतेय. अगं, जाण्याआधी एकदा नुसतं म्हण, उ—