टोपीवरची घडी

शनिवार, १४ जून. कॅसल हिल.

पॅरामॅटाच्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून आज शेवटी त्याचं कार्ड आणलं. माझ्या लाडक्या बेसबॉलपटूचं, त्याचा फोटो असलेलं, हौशी लोक जमवतात तसलं; तो खेळत होता तेव्हाच छापलेलं. शेजारी एक कोरं करकरीत होतं, पण भिंगाखाली अक्षरंसुद्धा छपाईच्या ठिपक्यांची दिसली आणि कळलं, ही अलीकडची नक्कल. हे मला कुणी शिकवलेलं नाही. माझं खरं, तरी स्वस्तात मिळालं, कारण त्याच्या टोपीवरून एक घडी गेलीय. कुणीतरी ते खिशात घालून मिरवलं असणार.

दुकानातली बाई म्हणाली, "गुड आय, मेट! पारखी नजर आहे. घरी कोणाला दाखवणार?" मी कार्ड पाकिटात घातलं आणि पैसे दिले.

मित्राला, शिरीषला, फोटो पाठवला. "बेसबॉल? जगातलं क्रिकेट संपलं का रे?" लेकीला पाठवला, वॉलॉंगॉंगला. "कूल, बाबा." आणि एक अंगठा. घडी कसली, हे दोघांनीही विचारलं नाही. विचारलं असतं तर... पण एवढं मनाला का लागावं माझ्या?

जेवताना कार्ड मिठाच्या बरणीला टेकवून समोर उभं केलं. मग त्यालाच सांगितलं, नक्कल कशी ओळखायची ते. मोठ्याने, मराठीत, सगळं नीट समजावून.