वाट बघणारी पिल्लं

३ मार्च १९९८, कोल्हापूर
शांता, रोजनिशी लिहायला घेतली आणि सवयीनं तुझ्याशीच बोलायला लागलो. आलीस की वाच. तुझा गुडघा कसा आहे? माझ्या म्हाताऱ्या अव्वाचा खोकला उतरला का? आपल्या लेकीला, विद्याश्रीला सातवा महिना लागला, पायावर सूज नाही ना? गाभण गाय नीट खाते ना? मी ठणठणीत. वखारीमागची खोली झ्याक आहे. लाकडाचा वास, दारात फणस. तुम्ही दोघी बाळंतपणाला इथं आलात की दवाखानाही जवळच. मला जेवण देणाऱ्या शेजारच्या बयाबाईंनी आल्याआल्या विचारलं, "पावणं नेसरीचं व्हय? मग भाकरी जाडच लागंल की!"

५ मार्च
आता काम सांगतो. दीक्षा मॅडम शिरोळच्या, कॉलेजात शिकवतात. ओंडक्यांची साल सोलून भुंगेरे काढतात आणि भुंगेऱ्यांतून सूत्रकृमी, दोऱ्यासारखे बारीक किडे. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आता डोळ्याला न दिसणाऱ्या जिवांची चित्रं काढतोय! सूक्ष्मदर्शकाला आरशाची नळी आहे. तिच्यातून काचेवरचा किडा आणि कागदावरचा माझा हात एकदमच दिसतात, किडा हातावरच पडल्यासारखा. त्यावरून पेन्सिल फिरवायची. आधी ओठ, मग तोंडातला सुईसारखा काटा, घशाची नळी, मधे फुगीर गोळा, त्याच्या मागं नळीला वेढून मज्जातंतूंचं कडं, मग लांबच लांब आतडं. शेवयीच्या तुकड्यात देवानं काय काय भरलंय!

९ मार्च
आज या किड्यांच्या पिल्लांची चित्रं काढली. यांची तोंडं बंद असतात. मॅडम म्हणाल्या, ती खात नाहीत, शेपटीवर उभी राहून डुलत असतात. भुंगेरा आला की त्याच्या पंखाखाली शिरायचं आणि नवं झाड गाठायचं. तिथं तोंड उघडतं. आणि झाड मिळालंच नाही तर, असं मी विचारलं. "वाट बघतात आप्पा. त्यांना दुसरं काम काय?"
चित्राआधी त्यांना कढत पाण्यात मारायचं, म्हणजे सरळ होतात. गळ्यात इष्टलिंग असताना ते माझ्या जिवावर आलं. उरलेली जिवंतच काचेच्या वाटीतल्या पाण्यात घालून खोलीवर आणली. उद्या फणसाच्या बुंध्याशी सोडीन.

१० मार्च
फार मोठी चूक झाली. पहाटे वीज नव्हती. पूजेला बसलो, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेतलं, पाणी घातलं, तीर्थ प्यालो. उजाडल्यावर बघतो तर तांब्या भरलेला आणि काचेची वाटी रिकामी. मॅडमना सांगितलं. त्या हसल्या, "ती माणसाला काय करणार? तुम्ही काय सागवान आहात का आप्पा?" मीही हसलो.

१४ मार्च
भूक नाही. बयाबाईंची भाकरी तशीच परत गेली. जबडा जड झालाय, शिवल्यासारखा.

१६ मार्च
नळीतून बघत होतो. किडा हातावर, रोजच्यासारखा. काच बाजूला काढली, तरी तो होताच. डोळा नळीवरून उचलला. तरी होताच, डाव्या तळहातात, कातडीखाली. ओठ, काटा, कडं, सगळं मी काढलं तसंच. लिंग ठेवतो त्याच जागी.
पूजा केली नाही. जन्मात पहिल्यांदा.

१८ मार्च
बयाबाई ओरडल्या, "आप्पा, दारात हुबं ऱ्हाऊन कुनाची वाट बघताय? आन् झाडावानी डुलताय कशापाई?"
मी उभा आहे हे मलाच ठाऊक नव्हतं.

१९ मार्च
बयाबाई जवळ आल्या तर हातातली पिल्लं निपचित. विद्याश्रीचं नाव मनात आलं की सगळी सळसळतात. नवं झाड. पोटातला कोवळा जीव—
शांता, तुम्ही येता कामा नये. उद्या फोन करतो.

२० मार्च
बूथवरून लावला. तुझा आवाज आला. 'येऊ नका' एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडेना. मग उघडलं आणि म्हणालं, "या. दोघी या."
मी नाही म्हणालो. ते मी नव्हतो. तू किती खूश झालीस गं—

२१ मार्च
मॅडम दवाखान्यात चला म्हणतात. पाय दारातून हलत नाहीत.
निदान इथं तरी लिहितो. येऊ न— येऊ—
'नका' हातातून उतरत नाही. पुन्हा. ये—
आता भूक लागलीय.
शांता, कधी निघता? विद्याश्रीला सांभाळून आण. कुठल्या गाडीनं येता ते लवकर लिही. लवकर. मी दारातच उ