पहिल्या तीन ओळी

प्रिय यू-चिंग,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. रागावली असशील तर रागाव, पण शेवटपर्यंत वाच.

नवीन बागेतल्या पहिल्या तीन ओळींतली केळी पिवळी पडून माना टाकतायत. खोड आडवं कापलं की आत तेच तपकिरी कडं. जुनी बाग ज्या मर रोगाने गेली, तोच. ही जमीन तर भाताची, इथे कधी केळ लागली नाही. रोपं तुझ्या प्रयोगशाळेतली, बाटलीत वाढवलेली. मग रोग आला कुठून, या प्रश्नाने डोकं फिरायची वेळ आली.

त्याच वैतागात मी शेतकरी संघाच्या बैठकीत उभा राहिलो आणि म्हणालो, "माझ्याच पोरीने दिलेली रोपं आहेत, पण कुजकी ती कुजकीच." शेजारच्या खुन-शानने लगेच टोला हाणला, "बापालाच खात्री नाही, मग आपण कशाला घ्यायची?" सगळे हसले. त्यांच्यात मीही हसलो, हे तुला कुणी सांगितलं नसेल. दुसऱ्या दिवशी अर्ध्या गावाने रोपांची मागणी मागे घेतली आणि तुझ्या साहेबांनी चौकशी होईपर्यंत तुला घरी बसवलं.

तेव्हापासून तुझी आई ताट समोर ठेवते आणि निघून जाते. परवा एवढंच म्हणाली, "पोरीने दहादा सांगितलं होतं, जुन्या बागेतले बूट तिकडे घालू नका. घातलेत ना?" नव्हते घातले. नवे घेतले होते. कोयतासुद्धा धुऊन नेला होता. तुझी एकूण एक अट पाळली होती, म्हणून तर जास्त चीड येत होती.

शेवटी भूमिदेवाच्या देवळीत गेलो. उदबत्त्या लावल्या, विचारलं, रोपं खराब होती का? कौल टाकला, चंद्रकोरीसारख्या दोन लाकडांचा. दोन्ही लाकडं सपाट बाजू वर करून पडली, म्हणजे देव नुसता हसला, हो की नाही ते सांगितलं नाही. पुन्हा टाकला, पुन्हा हसला. तिसऱ्यांदाही तेच. मी देवावरच चिडलो. यात हसण्यासारखं काय आहे, असं चक्क विचारलं त्याला. आणि खाली बघितलं तर ओट्यावर मातीचा सुकलेला गोल होता, बादलीच्या बुडाएवढा.

लागवडीच्या दिवशी सकाळी जुन्या बागेतली बादलीभर माती मी तिथे देवापुढे ठेवली होती. मग खड्ड्याखड्ड्यात मूठमूठ घातली, नव्या जमिनीला आपली ओळख पटावी म्हणून. आजोबा घालायचे, वडील घालायचे. तुला सांगितलं नाही, कारण ती घाण आहे हे माझ्या मनातच आलं नाही. माझ्या लेखी तो प्रसाद होता. तीन ओळी झाल्या आणि बादली संपली. चौथीपासून बाग हिरवीगार उभी आहे, चिंग. महिनाभर मी तिच्याकडे बघत होतो आणि मला दिसत नव्हतं.

हे सगळं मी सही-शिक्क्यानिशी दुसऱ्या कागदावर लिहून सोबत जोडलंय. तो साहेबांच्या हातात दे. तुझी माफी मात्र या पत्रात मागत नाही. तुझं नाव मी चारचौघांत घालवलं, माफी बंद पाकिटातून मागितली तर ती चोरटी होईल. सोमवारी सकाळी संघाची बैठक आहे. मी उभा राहून बोलणार आहे. तू ये. मागच्या बाकावर बस, माझ्याकडे बघावंसं वाटलं नाही तर नको बघू. फक्त ऐकायला ये.

तुझाच,
बाबा