वरणातलं मीठ

नागपूर

ती. सासूबाई, तुमच्या पायांवर डोके ठेवते.

तुरीची डाळ, ज्वारीचं पीठ, काळा मसाला पोचला. मंगरूळहून आणायचे बसवाल्याने साठ रुपये घेतले!

ह्यांच्या घशाचे रेडिएशनचे शेक संपले. जेवतात, काळजी नसावी. गाय व्याली का?

फोनवर ह्यांच्यासमोर बोलता येत नाही, म्हणून लिहिते. नैवेद्याआधी आपण चाखत नाही. लहानपणापासून हेच नुसत्या वासावर तुम्हाला मीठ कमीजास्त सांगायचे, लग्नानंतर मलाही. काल ह्यांनी वरण खाल्लं अन् म्हणाले, “आईच्या हातचं वाटून राह्यलं वं.” मी पहिला घास घेतला, तर मीठ घालायचंच विसरले होते.

डॉक्टर म्हणतात, चव अन् वास आता परत येणार नाहीत.

वाटीभर डाळीला तुम्ही किती मीठ घालता, ते उलट टपाली कळवा. आता मला सांगणारं कोणी नाही.

तुमची सून,
द्वारका