काचेत काच

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्याशी भांडायला नवं काही उरलं नव्हतं. काल सापडलं. नात लिहितेय, मी बोलतेय. मी का लिहीत नाही ते तुमच्याइतकं कोणाला माहीत? ती माझं ‘मले’ खोडून ‘मला’ करते. करू दे. तुमची लेक एकदा तरी शुद्ध बोलली असं होईल.

राजापेठेतल्या आमच्या गच्चीवर मुलानं सोलर बसवलंय, आंघोळीच्या पाण्याचं. वर आडवी टाकी, तिच्यातून उतरलेल्या लांब काळ्या काचेच्या नळ्या. पौषातलं ऊन होतं. मी नळीला हात लावला, तर गार. बसवणारा मिस्त्री आपल्या अचलपूरचाच, म्हणून जरा जास्तच हक्कानं झापलं त्याला, की दुपार झाली तरी ही थंडीच, फसवलंस आम्हाला. तो हसला. “अम्मा, वरून हात लावून समजत नाही. हे काचेत काच हाये. दोघींच्या मधातली हवा खिचून घेतली, तिथं काहीच नाही. मंग आतली गरमी भायेर येईन कायच्यावरून?” आतली काच काळी, ती ऊन पिते, पाणी तापलं की हलकं होऊन आपणच टाकीत चढतं आणि थंड खाली उतरतं, असं त्यानं समजावलं. मग टाकीचा नळ सोडला. माझं बोट भाजलं.

आणि तुम्ही आठवलात. अचलपूरचं स्वयंपाकघर, मी आठ वर्षांची. पहाटे कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून तीन पितळी गुंड भरून पाणी तापवते आहे, एक तुमचं, दोन भावांची. तिसरं तापेपर्यंत शाळेची घंटा होऊन जाते. एकदा गुरुजी दारात येतात, पोरीला पाठवत जा म्हणतात. तुम्ही चुलीकडे वळूनही बघत नाही. “हे पोरगी थंडी हाये, गुरुजी. इले अक्षरं काय येतीन?” माझ्या तोंडात फुंकणी होती, बाबा, नाहीतर मी बोलले असते. दुसऱ्या दिवशी भावाच्या पाटीवरचा अ मी राखेत काढला. त्या नादात जाळ विझला, पाणी कोमट राहिलं. तुम्ही रागावलासुद्धा नाहीत. पायानं अ पुसला आणि पऱ्हाट्या माझ्यापुढं सरकवल्या.

मीही काल नळीला थंडी म्हणाले, कबूल. पण मी हात तरी लावून पाहिला होता. तुम्ही तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

नात म्हणते, आजी, आता सोड ना. मिस्त्री जाताना सांगून गेला, की नळीच्या बुडाशी चांदीसारखी चकाकी आहे तोवर मधे हवा शिरलेली नाही. ती पांढरी पडली की नळी गेली समजा. माझे केस पांढरे झालेत, बाबा. चकाकी आहे तशीच आहे.

आज सकाळी बादलीभर कढत पाणी आलं. त्यासाठी कोणतीच पोरगी उठली नव्हती. नात तर अंथरुणात लोळत होती, लोळू दिलं.

तिनं आता विचारलं, पत्ता काय लिहू. म्हटलं, सोलरच्या गॅरंटी कार्डाच्या पिशवीत टाकून दे. मग म्हणाली, निदान खाली सही तरी कर. मी अंगठा उमटवला. अ मला येतो, बाबा. रोज आंघोळीला बसले की ओल्या बोटानं मोरीच्या फरशीवर काढते, राखेत काढला होता तसाच. पण तुम्हाला तो दाखवायचा नाही.